नोकरी सोडून कोकणात विवाह-छायाचित्रकार व्हायचे असेल तर

कोकणात नोकरी सोडून पूर्णवेळ लग्नांची छायाचित्रे काढण्याचा विचार मनात पक्का होतो तो बहुधा मे महिन्याच्या अखेरीस, आणि राजीनामा देण्यासाठी त्याहून वाईट वेळ दुसरी नाही. चाकरमानी गावी आलेले असतात, एकेका मुहूर्तावर तालुक्यात अनेक लग्ने असतात आणि रजा टाकून केलेल्या कामाचे पैसे नुकतेच हाती पडलेले असतात. त्यानंतर लगेच पाऊस येतो, आणि आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकात तुळशीचे लग्न होईपर्यंत हिंदू घरांतील लग्ने जवळजवळ थांबतात. म्हणून नोटिशीची मुदत दिवाळीच्या आसपास संपेल अशा बेताने राजीनामा द्यावा. तोवर पगार चालू राहतो आणि येत्या हंगामाचे विसारही गोळा करता येतात.

पंचांग बारकाईने पाहण्याची सवय या व्यवसायात कॅमेऱ्याइतकीच आवश्यक आहे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ असल्याने ऐन हंगामातील एक महिना लग्नांविना जातो. गुरू-शुक्राच्या अस्तामुळेही मुहूर्त कमी होतात. मात्र कोकणातील सर्वच लग्ने मुहूर्तावर लागत नाहीत. बौद्ध कुटुंबांतील मंगल परिणय, रत्नागिरी-रायगडमधील मुस्लिम समाजातील निकाह आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडील ख्रिस्ती विवाह यांचे वेळापत्रक वेगळे असते. निकाहासाठी रमजान आणि ख्रिस्ती विवाहासाठी ईस्टरपूर्वीचा उपासकाळ सहसा टाळला जातो. एकाच समाजाच्या ओळखीवर अवलंबून राहणाऱ्या छायाचित्रकाराचे वर्ष लहान होते, हे लक्षात ठेवून या सर्वांच्या रीती शिकून घ्याव्यात.

दर ठरवताना शेजारच्या स्टुडिओचा दर विचारून त्यात हजार रुपये कमी करण्याची पद्धत टाळावी. समजा, घरखर्च दरमहा ३५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार रुपये आहे. चार लाखांचे साहित्य पाच वर्षे टिकेल असे धरल्यास वर्षाची झीज ८० हजार होते. विमा, दुरुस्ती आणि पेट्रोल यांसाठी आणखी एक लाख धरावा. या सहा लाखांना ३० लग्नांनी भागले की प्रत्येक लग्नामागे २०,००० रुपये उरले पाहिजेत, आणि तेही जोडीदार छायाचित्रकार, व्हिडिओवाला व अल्बम यांचे पैसे वजा करून. पहिल्या वर्षी ३० तारखा मिळतीलच असे नाही, म्हणून किमान एका पावसाळ्याचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नये.

नोकरीतील काही गोष्टी सोडण्यापूर्वी तपासाव्यात. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर थांबणे शहाणपणाचे, कारण ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वसाधारणपणे त्यानंतर मिळतो. भविष्यनिर्वाह निधीतून कॅमेरा घेण्याचा मोह आवरावा. कंपनीचा आरोग्यविमा संपण्याआधी स्वतःचा घ्यावा. सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय खासगी व्यवसाय करता येत नाही, त्यामुळे ‘शनिवार-रविवारी दोन लग्ने करून बघतो’ ही वाट त्यांच्यासाठी मोकळी नाही. व्यवसाय सुरू झाल्यावर उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते.

खरी तयारी मांडवात होते. एखाद्या जुन्या छायाचित्रकाराबरोबर एक पूर्ण हंगाम जोडीदार म्हणून काम करावे, कारण घरासमोरच्या खळ्यातील लग्न आणि शहरातील सभागृह यांचा प्रकाश अगदी निराळा असतो. दुपारच्या मुहूर्ताला झावळ्यांच्या मांडवातून ऊन वधूवरांच्या चेहऱ्यावर ठिपक्याठिपक्यांनी पडते. रंगीत कापडाचा मांडव असेल तर त्वचेवर तोच रंग उतरतो, आणि फ्लॅश चिऱ्याच्या भिंतीवर मारला तर तांबूस झाक येते. आदल्या दिवशी मुहूर्ताच्याच वेळी मांडवात जाऊन उभे राहावे, आणि जिथे अंतरपाट धरला जाणार तेवढ्या जागेवर पांढरे कापड लावण्याची विनंती मांडववाल्याला करावी. बहुतेक जण ती आनंदाने मान्य करतात. भटजींशीही आधीच बोलावे. अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा मिळत नाही, आणि ‘गुरुजी, जरा परत करा’ असे म्हणणारा छायाचित्रकार पुढच्या लग्नाला त्या वाडीत बोलावला जात नाही. लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी आणि झाल यांचा क्रम घराघराप्रमाणे बदलतो. तो वधूच्या मामाकडून किंवा घरातील जाणत्या बाईकडून लिहून घ्यावा.

साहित्यात दोन कार्डे एकाच वेळी भरणारा कॅमेरा, दुसरा राखीव कॅमेरा आणि गावातील वीज गेली तरी पुरतील इतक्या बॅटऱ्या एवढे आधी घ्यावे. बाकीचे भाड्याने चालते. कोकणातील दमट हवेत भिंगांना बुरशी धरते, म्हणून ती ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात ठेवावीत आणि पावसाळ्यातही अधूनमधून वापरावीत. तारकर्ली किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर भिंग बदलू नये. वाळू आणि खारे तुषार दोन्ही आत जातात.

करार लेखी असावा, मग यजमान नात्यातला का असेना. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काम देणारा असतो. त्यामुळे आपली छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी करारातच घ्यावी. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते, आणि विमानतळांच्या परिसरात उड्डाणापूर्वी ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशा पाहावाच लागतो. पैशांचे तीन हप्ते करावेत: तारीख पक्की करताना विसार, हळदीच्या दिवशी मोठा हप्ता आणि अल्बम देताना उरलेला लहान हिस्सा. शेवटचा हिस्सा मोठा ठेवू नये, कारण चाकरमानी कुटुंब सुट्टी संपताच मुंबईला परतते आणि अल्बम न्यायला पुढच्या गणपतीतच येते.