काहीच नक्की नसताना नवी सवय कशी आजमावावी

नोकरी राहणार की जाणार, बदली कुठे होणार, निकाल कधी लागणार, घरातलं आजारपण किती लांबणार. अशा त्रिशंकू काळात माणसं दोन पंथांत विभागली जातात. एक पंथ ‘सगळं ठरलं की बघू’ म्हणून हातावर हात ठेवून बसतो. दुसरा एखाद्या रविवारी वही उघडून अख्ख्या आयुष्याची डागडुजी काढतो. मी दुसऱ्या पंथातला. कामाचा करार संपायला सहा आठवडे उरले होते, पुढचं कोणी काही सांगत नव्हतं, तेव्हा मी एका बैठकीत सात सवयी लिहून काढल्या. पहाटे उठणं, व्यायाम, वाचन, नवी भाषा आणि आणखी काय काय. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे चारही भरले नाहीत.

सवयी वाईट नव्हत्या. पण ज्या काळात पुढच्या महिन्याचा भरवसा नाही, त्या काळात मी जन्मभराच्या शपथा घेत होतो. शपथ मोडली की अपराधी वाटतं. प्रयोग फसला तर एवढंच कळतं की हे आपल्याला जमत नाही. म्हणून खालची पद्धत प्रयोगाची आहे.

हा काळ प्रयोगाला वाईट नाही, उलट बरा आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला. काही स्थानकं बंद पडली आणि पुष्कळांना नेहमीचा रस्ता सोडावा लागला. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासी कार्डांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की यांतले साधारण 5 टक्के लोक संप मिटल्यावरही नव्याच रस्त्याने जात राहिले. रोज ये-जा करूनही आपल्याला सोयीचा मार्ग त्यांना सापडलेला नव्हता. सक्तीने वाट बदलली तेव्हा सापडला. उरलेले बहुतेक जुन्या रस्त्यावर परतले, हेही लक्षात ठेवा. आपल्याही बऱ्याचशा प्रयोगांचं तेच होणार आहे.

1. आधी पडझड मोजा

लगेच काही नवं सुरू करू नका. दोन-तीन दिवस नुसती नोंद ठेवा. कागदावर तीन रकाने आखा: काय टिकलं, काय गेलं, काय आपोआप घुसलं.

सवय बहुतेक वेळा एखाद्या खुणेला बांधलेली असते. ती खूण म्हणजे जागा, वेळ, सोबतचं माणूस किंवा आधी केलेली कृती. खूण गेली की सवयही निघून जाते, आणि आपण मात्र स्वतःला आळशी म्हणत बसतो. ऑफिसला जाणं थांबलं की त्या वाटेवरचं चालणं थांबतं, आणि चालता चालता मित्राला केला जाणारा फोनही. दोन्ही ‘गेलं’च्या रकान्यात लिहा.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच भरायला माणूस टाळाटाळ करतो. अनिश्चित काळात नव्या सवयी न बोलावता येतात. दर दहा मिनिटांनी मेल उघडून बघणं, रात्री अंथरुणात बातम्या चाळणं, त्याच विषयावर त्याच माणसाशी रोज तेच बोलणं. माझ्या या रकान्यात नऊ नोंदी निघाल्या. ‘मला नवी सवय लागत नाही’ ही तक्रार मी त्या दिवशी सोडली.

2. एकच निवडा, आणि हातातली

फार तर दोन: एक स्वतःसाठी, एक कामासाठी. त्याहून जास्त घेतल्या तर एक ना धड भाराभर चिंध्या. निवडताना एकच कसोटी लावा. दिवसातला सगळ्यात वाईट फोन येऊन गेल्यावरही हे करता येईल का? तासभर व्यायाम नाही येणार. पाच मिनिटं हातपाय ताणता येतील.

दुसऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असलेलं काही घेऊ नका. रोज एक अर्ज पाठवणं आपल्या हातात आहे, मुलाखतीचं बोलावणं नाही.

काय घ्यावं सुचत नसेल, तर कामासाठी एक साधी गोष्ट सांगतो. दिवसाचं काम थांबवताना उद्याची पहिली कृती एका ओळीत लिहून ठेवायची. ‘अहवाल’ असं नाही, ‘अहवालातला दुसरा तक्ता दुरुस्त करणं’ असं. सकाळी डोकं चिंतेने भरलेलं असताना कुठून सुरुवात करायची, हे ठरवण्याचा त्रास वाचतो.

आणि स्वतःसाठी, काळजीला वेळ नेमून द्या. हे विनोदी वाटेल. पण थॉमस बोर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हीच पद्धत मांडली होती. दिवसाची ठरावीक वेळ, ठरावीक जागा आणि अर्धा तास. दिवसभरात काळजी डोकावली की तिला त्या वेळेवर ढकलायचं, आणि वेळ आली की बसून मनसोक्त काळजी करायची किंवा त्यातल्या एखाद्या प्रश्नावर उपाय शोधायचा. झोपायच्या खोलीत मात्र नको. मी चिठ्ठीवर विषय लिहून ठेवायचो. वेळ आल्यावर निम्म्या चिठ्ठ्या वाचून मलाच हसू यायचं. उरलेल्या निम्म्यांवर खरंच बसावं लागायचं.

3. खुंटी शोधा

‘रोज सकाळी सात वाजता’ ही खुंटी या काळात डळमळीत. उद्या कामाची पाळी बदलेल, परवा गाव. काहीही झालं तरी जे तुम्ही करताच, त्याला सवय अडकवा: दात घासणं, लॅपटॉप उघडणं, फोन चार्जिंगला लावणं. ‘लॅपटॉप उघडला की मेलच्या आधी कालची ओळ वाचेन.’ ‘रात्री दात घासले की फोन दुसऱ्या खोलीत ठेवेन.’ ‘अमुक झालं की तमुक करेन’ या साच्यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी बरंच काम केलंय. नुसत्या ‘करायचंच’ या निर्धारापेक्षा असं वाक्य जास्त उपयोगी पडतं, कारण ऐन वेळी ठरवायचं काही उरत नाही.

अडचणीसाठीही असंच एक वाक्य तयार ठेवा: ‘वाईट बातमी आली, तर फक्त बूट घालून दाराबाहेर पाऊल टाकेन, पुढचं पुढे.’

4. शेवटची तारीख लिहा

चौदा दिवस. कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाभोवती गोल करा. दोन आठवड्यांत सवय अंगवळणी पडणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. 21 दिवसांचा मंत्र तुम्ही ऐकला असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या निरीक्षणात सापडतं, आणि ते रुग्णांना बदललेला चेहरा आपला वाटायला निदान किती दिवस लागतात, याबद्दल होतं. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांचा 12 आठवडे पाठपुरावा केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा 66 निघाला, आणि माणसामाणसांत 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक (12 आठवड्यांपलीकडचे आकडे म्हणजे नोंदींवरून काढलेला अंदाज). चौदा दिवसांत फक्त एवढंच कळतं की हा जोडा आपल्या पायाला होतो का.

5. खंड पडला तर

पडेलच. लॅली यांच्या त्याच अभ्यासात दिसलं होतं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही. चुकलेल्या दिवशी फुली मारा, पुढे कारण दोन शब्दांत लिहा, आणि भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. तीन फुल्यांपुढे एकच कारण दिसलं, तर खुंटी बदला.

6. चौदाव्या दिवशी निकाल लावा

कागद घेऊन बसा. किती दिवस झालं? केल्यावर बरं वाटलं की नुसतं सुटल्यासारखं? उद्यापासून कोणी विचारणारच नसेल, तरी कराल का? मग ठेवा, लहान करा किंवा टाकून द्या. टाकताना हळहळू नका, पुढच्या चौदा दिवसांसाठी जागा मोकळी झाली. माझ्या सातपैकी पहाटे उठणं मी याच पद्धतीने पुन्हा आजमावलं आणि शांतपणे सोडलं. कामाची एक ओळ टिकली.

एक सावधगिरी. परिस्थिती निवळते, नवं काम किंवा नवं घर मिळतं, तेव्हा जपलेली खुंटीच निखळू शकते. मानसशास्त्रज्ञ बास व्हर्प्लांकेन यांनी 2016 मध्ये इंग्लंडमधल्या 800 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतं घर बदललेल्यांवर सवयी बदलण्याच्या प्रयत्नाचा परिणाम जास्त दिसला, आणि तोही साधारण पहिल्या तीन महिन्यांपुरताच. म्हणून सामान उघडताना, किंवा नव्या टेबलावर पहिल्यांदा बसताना, तो तीन रकान्यांचा कागद पुन्हा एकदा आखा.