गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही: दोष कसा शोधावा

मुळीच सुरू न होणारी गाडी दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. चार दिवस नीट चालून पाचव्या दिवशी कोल्हापुरात रंकाळ्यावर हटून बसणारी आणि मेकॅनिक येताच शहाण्यासारखी सुरू होणारी गाडी मात्र माणसाचा अंत पाहते. उद्यमनगरातल्या गॅरेजात नेली की दोष दिसत नाही, मग अंदाजाने एखादा भाग बदलला जातो आणि आठवड्याने पुन्हा तोच प्रकार घडतो. म्हणून गाडी अडलेली असतानाच काय ऐकावे आणि काय मोजावे, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

सर्वप्रथम गाडीत एक छोटी वही ठेवावी. गाडी अडेल तेव्हा इंजिन थंड होते की तापलेले, गाडी किती तास उभी होती, पाऊस होता का आणि किल्ली फिरवल्यावर नेमका कसला आवाज आला, एवढे त्याच वेळी लिहून ठेवावे. तीन-चार नोंदी झाल्या की त्यांत बहुधा काहीतरी समान सापडते.

यांपैकी आवाजाची नोंद सर्वांत मोलाची. हँडब्रेक ओढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून सेल्फ मारावा. भराभर ‘कट-कट-कट’ असा आवाज येऊन डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरीत जोर नाही किंवा तिच्या जोडण्या सैल आहेत. एकदाच ‘टक’ होऊन पुढे काहीच घडले नाही आणि दिवे प्रखरच राहिले, तर सेल्फची मोटर अथवा तिचा सोलेनॉइड (मोटरला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच) संशयित ठरतो. काहीच आवाज आला नाही, तर इग्निशन स्विच, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), फ्यूज किंवा क्लचखालचा स्विच पाहावा. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आणि पायाखाली सरकलेले मॅट हे त्याचे कारण असू शकते! सेल्फ जोमाने फिरत असूनही इंजिन पेट घेत नसेल, तर बॅटरीचा नाद सोडून इंधन आणि स्पार्ककडे वळावे.

पहिल्या दोन प्रकारांत बॅटरी मोजावी, आणि त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. तसा नसल्यास बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासून घ्यावा, कारण नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल. राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत जाऊन परत, एवढाच रोजचा प्रवास असेल, तर सेल्फने खाल्लेला चार्ज भरून यायला वेळच मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

बॅटरीच्या जोडण्यांकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. माझी जुनी गाडी पन्हाळ्यावरून उतरल्यावर, चहासाठी थांबलो की हमखास अडायची. बॅटरी बदलली, पुढे सेल्फही उघडून पाहिला. अखेर दोष निघाला तो इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या गंजलेल्या पट्टीत. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगितले असते, तर हे पाच मिनिटांत कळले असते. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास असावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब समजावी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने धुवावी. ऋण वायर आधी काढावी आणि शेवटी जोडावी. बॅटरीजवळ विडी-काडी मुळीच नको, कारण तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो.

केवळ रात्रभर उभी राहिल्यावर गाडी अडत असेल, तर कुठेतरी वीज झिरपते आहे. गाडी कुलूपबंद करून अर्धा-पाऊण तास गेल्यावरही ऋण वायरीतून साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात असेल, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याने आकडा उतरतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. बाहेरून बसवलेले म्युझिक सिस्टिम आणि कॅमेरे आधी तपासावेत.

सेल्फ फिरतो पण इंजिन लागत नाही, अशा वेळी किल्ली ‘ऑन’ करून कान द्यावा. पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून बहुधा दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. ती नसेल तर पंप, त्याचा रिले आणि फ्यूज पाहावा. डॅशवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडी किल्ली ओळखत नसावी, म्हणून दुसरी किल्ली वापरून पाहावी. तापल्यावरच इंजिन लागत नसेल आणि थंड झाल्यावर निमूट लागत असेल, तर क्रँकशाफ्ट सेन्सरचा (इंजिनचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरचा) संशय धरून तसे मेकॅनिकला सांगावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर विसावा द्यावा.

पावसाळ्यात दोन गोष्टी वाढतात. उबेसाठी बॉनेटखाली शिरलेले उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून टॉर्च घेऊन एकदा नजर टाकावी. आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरासारखे पंचगंगेचे पाणी पार्किंगमध्ये शिरून गाडी बुडाली असेल, तर ‘लागते का बघू’ म्हणून सेल्फ मारूच नये. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी बॅटरीची वायर काढून, ओढूनच गॅरेजला न्यावी.