मेकअपने ओठ भरीव कसे दाखवावेत

ओठ भरीव दाखवायचे म्हटले की लायनर, म्हणजे ओठांची कड आखायची पेन्सिल, घ्यायचा आणि ओठांच्या बाहेरून सगळीकडे रेघ ओढायची, असे बहुतेकजणी करतात. फोटोत एखाद्या वेळी ते खपून जाते, पण समोरासमोर बोलताना किंवा हसताना ओठ एकीकडे आणि रेघ दुसरीकडे दिसते. खरे काम रेघेपेक्षा उजेड आणि सावली करतात. उजळ भाग पुढे आल्यासारखा वाटतो, गडद भाग मागे सरतो. म्हणून ओठांच्या मध्यावर मेहनत घ्यायची आणि कोपऱ्यांना जवळजवळ हात लावायचा नाही.

सामान फारसे लागत नाही. ओठांच्या मूळ रंगाचा किंवा त्याहून किंचित गडद लायनर, त्याच्याच जवळपासची क्रीमी लिपस्टिक, त्याहून एक छटा उजळ रंग, लिप बाम, थोडा कन्सीलर (डाग झाकणारे त्वचेच्या रंगाचे क्रीम), ग्लॉस (ओठांना ओलसर चमक देणारा), थोडी फिकट तपकिरी पावडर, हायलायटर (उजळपणा देणारे प्रसाधन) आणि एक बारीक सपाट ब्रश एवढे पुरे.

आधी ओठ मऊ करा. ओठांची त्वचा पातळ असते आणि तिला बाकी चेहऱ्यासारखे तेल सुटत नाही, त्यामुळे ती लगेच सुकते. सुकलेल्या ओठांवर रंग भेगांत जाऊन बसतो आणि ओठ आहेत त्याहून लहान दिसतात. मेकअपला बसण्याआधी दहा मिनिटे लिप बाम लावून ठेवा. आदल्या रात्री तुपाचे बोट फिरवले असेल तर उत्तमच. साल निघत असेल तर ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसा; टूथब्रशने खरवडू नका. लायनर लावण्यापूर्वी बाम टिपून घ्यायला विसरू नका, नाहीतर पेन्सिल घसरते.

मग लायनर. इथे घाई नको. तोंड सैल सोडा, ओठ किंचित विलग ठेवा. हसरा चेहरा करून रेघ काढली तर ओठ ताणलेले असतात आणि नंतर सगळे वाकडे दिसते. वरच्या ओठाच्या मध्ये जी महिरप असते, तिच्या दोन टोकांपासून सुरुवात करा. तिथे मूळ कडेच्या फार तर एक मिलिमीटर बाहेर जा. खालच्या ओठाच्या बरोबर मध्याखाली तशीच एक छोटी आडवी रेघ द्या. आता दोन्हीकडून कोपऱ्यांकडे येताना रेघ हळूहळू मूळ कडेवर आणा. कोपऱ्यात ती बाहेर गेली की तोंड पसरट आणि उतरलेले दिसते.

माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्याला तिचा मेकअप मी केला होता. तिचा वरचा ओठ पातळ, त्यातही महिरपीचे डावे टोक उजव्यापेक्षा जरा खाली. मी फक्त डावे टोक केसभर वर उचलले आणि उजवीकडे मूळ कडेवरच रेघ ठेवली. एवढ्यानेच ओठ भरलेला वाटायला लागला. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी आपले ओठ नीट बघा. कुठे कमी आहे ते कळले की तेवढ्याच जागी भर घालता येते.

पेन्सिल मऊ पडून टोक तुटत असेल तर दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून मग टोक काढा. रेघ झाल्यावर ब्रशने तिची आतली बाजू ओठांवर ओढून पसरवा. नुसती रेघ उठून दिसता कामा नये.

रंग निवडताना आपल्याकडच्या ओठांचा विचार करा. अनेकींचा वरचा ओठ खालच्यापेक्षा सावळा असतो. तसे असेल तर वर आधी कन्सीलरचा अगदी पातळ हात फिरवा. सावळ्या ओठांवर फार फिकट न्यूड, म्हणजे त्वचेच्या रंगाजवळचा रंग, लावला तर चेहरा राखट दिसतो. गुलाबी-तपकिरी किंवा विटकरीकडे झुकणाऱ्या छटा छान खुलतात. गडद मरून मलाही आवडतो, पण त्याने ओठ लहान दिसतात. पूर्ण मॅट लिपस्टिकही या कामाला नको, तिच्यावर उजेड खेळत नाही. लिपस्टिक लावून झाली की खालच्या ओठाच्या मध्यावर एक छटा उजळ रंग बोटाने थोपटा.

सावली आणि चमक. खालच्या ओठाच्या मध्याखाली जी खळगी असते, तिथे फिकट तपकिरी पावडर ब्रशने अगदी थोडी लावा. ओठ लगेच पुढे आल्यासारखा वाटतो. महिरपीच्या वर हायलायटरचा एक ठिपका पुरतो. तो चमचमता नको, कारण चमकीने ओठांवरची लव उठून दिसते. ग्लॉस फक्त मध्यावर, एक थेंब.

नथ घालणार असाल तर वरच्या ओठाला ग्लॉस लावूच नका. नथीचे मोती तिथे टेकतात, चिकटतात आणि रंग गालाकडे ओढला जातो. खालच्या ओठावरचा एक थेंब पुरेसा होतो.

ओठ फुगवणारे प्लंपरही बाजारात मिळतात. त्यांत बरेचदा मेन्थॉल, दालचिनी किंवा मिरचीतला तिखट घटक असतो. त्याने ओठ चुरचुरतात, रक्तप्रवाह वाढतो आणि थोडा वेळ सूज येते. ओठ फुटलेले असतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. घरी मिरची, दालचिनीचे तेल किंवा टूथपेस्ट लावण्याचे प्रयोग तर मुळीच करू नका, ओठ भाजतात.

शेवटी खिडकीपाशी जाऊन दिवसाच्या उजेडात, हातभर अंतरावर आरसा धरून बघा. रेघ दिसली तर कन्सीलर लावलेला ब्रश बाहेरच्या कडेने फिरवून ती पुसट करा. जेवणानंतर सगळे पुन्हा लावत बसू नका. ओठ टिपून घ्या, मध्यावर थोडी लिपस्टिक आणि ग्लॉस लावा. लायनर बहुधा जागेवरच असतो.