न्योर्डलिंगन बाहेरून आत कसं चालावं

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या न्योर्डलिंगनला पोचल्यावर आधी डानिएलवर चढू नका. डानिएल म्हणजे गावाच्या मधोमध उभा असलेला, संत जॉर्जच्या चर्चचा मनोरा. उंची ९० मीटर, पायऱ्या ३५०. तो लांबूनच दिसतो आणि सगळे सरळ तिकडेच सुटतात. पहिल्या वेळी मीही तेच केलं. वर जाऊन लाल कौलं बघितली, फोटो काढले, खाली आले तेव्हा पायांत त्राण नव्हतं आणि तटावरची फेरी राहिली ती राहिलीच. नंतर पाहुणे, मैत्रिणी, आई-बाबा अशा कुणाकुणाला घेऊन बऱ्याचदा गेले आणि माझा क्रम ठरून गेला: आधी तट, मग गल्ल्या, मनोरा शेवटी. हे गाव वर्तुळात वर्तुळ असं वसलंय. बाहेरून आत चालत गेलं की ते हळूहळू कळत जातं.

मी आउग्सबुर्गला राहते, तिथून डोनाउव्योर्थला गाडी बदलायची. म्युनिकहून येणाऱ्यांनाही बहुतेक तिथेच बदलावी लागते. चार-पाच जण असाल तर बायर्न तिकीट काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बव्हेरियातल्या साध्या गाड्यांनी फिरता येतं. पण आठवड्याच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालतं, म्हणून मी शनिवार धरते. रविवारी दुकानं बंद, सोमवारी संग्रहालयं बंद. मी एकदा नोव्हेंबरातल्या सोमवारी गेले होते, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

बूट जाड तळव्याचे घाला. जुन्या भागात दगडी गोट्यांची फरसबंदी आहे आणि पातळ चपलेतून एकेक गोटा तळपायाला टोचतो. खिशात सुटे युरो असू द्या, एक ५० सेंटचं नाणं स्वच्छतागृहासाठी वेगळं ठेवा.

स्टेशन गावाच्या पूर्वेला, तटाबाहेर आहे. थोडं चाललं की डायनिंगर टोर लागतं. टोर म्हणजे वेस. अशा पाच वेशी आहेत: डायनिंगर, रायमलिंगर, बेर्गर, बाल्डिंगर, ल्योप्सिंगर. ज्या दिशेच्या गावाला रस्ता जातो त्याचं नाव बहुतेक वेशींना, आपल्याकडे दिल्ली दरवाजा असतो तसंच. वेशीपाशी जिने आहेत, तिथून वर चढा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालू लागा, म्हणजे गाव सतत उजव्या हाताला राहतं. तिकीट नाही, फाटक नाही.

सह्याद्रीत किल्ले हिंडलेल्यांना इथे चटकन ओळख पटेल. ही फांजीच आहे, तटाच्या आतल्या अंगाने जाणारी पहाऱ्याची वाट, फक्त डोक्यावर कौलारू छप्पर आहे. डावीकडे दगडी भिंत आणि तीत जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, उजवीकडे लाकडी कठडा. छप्परासकट सगळ्या गावाला फेरी मारता येईल असा अखंड तट जर्मनीत इतरत्र उरलेला नाही. लांबी सुमारे २.७ किलोमीटर. पाय उचलून चाललात तर पाऊण तासात फेरी पुरी होते, मला दीड तास लागतो, बाबा बरोबर असले की दोन. ते प्रत्येक जंगीत डोळा घालून बघतात आणि शत्रू कुठून आला असता ते सांगतात.

बाहेर बघण्यासारखं फारसं नाही. पूर्वीच्या खंदकाच्या जागी हिरवळ आहे, पलीकडे गाड्या आणि नवी वस्ती. खरी गंमत उजवीकडे. तटाला पाठ टेकून बसलेल्या बुटक्या घरांची रांग लागते, त्यांना कासार्मेन म्हणतात. गावाच्या शिपायांसाठी बांधलेल्या या खोल्यांत आज कुटुंबं राहतात. कठड्याशी उभं राहिलं की त्यांची परसं खाली दिसतात: दोरीवर वाळणारे टॉवेल, कुंडीतले टोमॅटो, मध्ययुगीन भिंतीला टेकवून ठेवलेली पोराची तीनचाकी. एकदा एका आजीबाई तटाच्या दगडावर पायपुसणं आपटून झटकत होत्या. फोटो काढायचा मोह होतो, काढू नका, ते कुणाचं तरी मागचं अंगण आहे.

हा तट १३२७ पासून बांधायला घेतला. बव्हेरियाच्या लुडविग सम्राटाने फर्मावलं होतं. आत याच्याहून जुना, तेराव्या शतकातला लहान तट होता, पण त्याच्याबाहेर कारागिरांच्या वस्त्या वाढल्या आणि त्यांना आत घ्यायचं म्हणून हे नवं कडं आलं. जुनं कडं नंतर पाडलं. ते गल्ल्यांत कसं शोधायचं ते पुढे सांगते.

रायमलिंगर टोरनंतर जुनी बास्टाय म्हणजे तोफांचा बुरूज लागतो, मग बेर्गर, मग बाल्डिंगर. या टप्प्यात बोलणी संपतात आणि पायाखालच्या फळ्यांचा आवाज तेवढा राहतो. पावसाळी दिवस असेल तर उत्तमच. कौलांवर पाऊस वाजतो, आपण कोरडे, आणि वाटेवर चिटपाखरू नाही.

ल्योप्सिंगर टोरला खाली उतरा, डायनिंगरपर्यंतचा शेवटचा तुकडा सोडला तरी चालेल. या वेशीची गोष्ट गावाला फार प्रिय आहे. १४४० साली म्हणे ओटिंगनच्या सरदाराने पहारेकऱ्यांना फितवून रात्री वेस नुसती लोटून ठेवायला लावली होती. एक बाई नवऱ्यासाठी बिअर आणायला निघाली, तेवढ्यात सुटलेली एक डुकरीण दाराला अंग घासू लागली आणि दार हललं. बाई ओरडली, ‘सो, ग्झेल, सो!’ म्हणजे साधारण, ‘असं काय रे गड्या, असं!’ कट फुटला. ही हाक ध्यानात ठेवा, रात्री लागणार आहे. रंगवलेल्या डुकरिणींचे पुतळे गावभर उभे आहेत ते याचमुळे.

आता गल्ल्या. वेशीपासून पश्चिमेला, एगर नावाच्या ओढ्याच्या काठी गेर्बरफिर्टेल आहे, कातडी कमावणाऱ्यांचा मोहल्ला. या धंद्याला वाहतं पाणी लागतं आणि वास कुणाला सोसत नाही, म्हणून जागा गावाच्या कडेला. इथे घरांच्या छपरांकडे मान वर करून बघा. खालची घरं बेताची, पण छपरं अवाढव्य, आणि त्यांत एकावर एक उघडे सज्जे. ओली कातडी तिथे वाऱ्यावर टांगत. आज वास नाही, खिडक्यांत जिरॅनियम आहेत.

या भागात फाखवेर्क म्हणजे लाकडी सांगाड्याची घरंही बघून घ्या. आधी सांगाडा उभा करायचा, मग मधल्या चौकटी कुडाच्या कामट्यांनी विणून त्यावर माती लिंपायची. कुडाची भिंत माहीत असलेल्याला नवीन असं काही नाही, फक्त लाकूड जबर जाड. सांगाडा सुताराच्या अंगणात जमिनीवर जुळवत, खुणा करून मोकळा करत आणि जागेवर पुन्हा उभा करत. कोणता तुकडा कुठे, हे चुकू नये म्हणून जोडांवर छिन्नीने आकडे कोरत, रोमन आकड्यांसारख्या उभ्या-तिरप्या रेघा. रंग फार थापलेला नसेल आणि ऊन तिरपं पडलेलं असेल तर कोपऱ्यातल्या खांबावर त्या सापडू शकतात. माझ्या पुतण्याला मी हा खेळ लावून दिला आणि अर्धा तास कुणी ‘कंटाळा आला’ म्हटलं नाही.

जवळच रीस विवर संग्रहालय आहे, १५०३ च्या जुन्या कोठारात. चौकाचं नाव युजीन शूमेकर चौक. हे न्योर्डलिंगन सुमारे २५ किलोमीटर व्यासाच्या खळग्यात बसलंय आणि तो खळगा दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून झाला. लोणारचं विवर १.८ किलोमीटरचं, म्हणजे हे त्याच्या सुमारे चौदापट रुंद. पूर्वी याला ज्वालामुखीचं काम समजत. १९६० मध्ये शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूवैज्ञानिकांना इथल्या दगडात कोएसाइट सापडलं. क्वार्ट्झला प्रचंड दाब बसल्यावर होणारं हे खनिज, आणि तेवढा दाब ज्वालामुखीत नसतो. १९७० मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर दगड ओळखायला शिकण्यासाठी इथे आले होते. संग्रहालयात चंद्रावरचा दगडही आहे. तासभर पुरे.

इथून चौकाकडे जाताना फोर्डेर गेर्बरगासे, बाउहोफगासे अशा गल्ल्या वाकतात तिकडे लक्ष द्या. त्या सरळ जात नाहीत, सगळ्या मिळून एक लंबगोल कडं होतं. हाच तो पाडलेल्या जुन्या तटाचा आणि खंदकाचा माग. फोनवर नकाशा उघडला की कडं लगेच दिसतं, पण मी आधी चालायला लावते आणि नंतर नकाशा दाखवते.

पाट्या वाचत चला. वाइनमार्क्ट कळायला सोपं आहे. हाफेनमार्क्टला मात्र जर्मन शिकलेले हटकून फसतात. हाफेन म्हणजे बंदर, आणि इथे तर समुद्र शेकडो किलोमीटर लांब! दक्षिणेकडच्या बोलीत हाफेन म्हणजे मडकं. हा कुंभारांचा बाजार.

भूक लागली असेल तर बेकरीत रीझर बाउअर्नटोर्टं मागा, सफरचंदाचं सारण भरलेला चपटा केक. शाकाहारींनी फ्लेडलेझुप्पेपासून सावध राहा. धिरड्याच्या कातरलेल्या पट्ट्या असलेलं सूप ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण पाणी बहुधा मांसाचं असतं.

फ्लेडले हे नाव आठवणीत ठेवून संत जॉर्जच्या चर्चच्या भिंतीपाशी या आणि नाक लागेल इतकं जवळ उभे राहा. करडा दगड, त्यात गडद काचेचे वेडेवाकडे कपटे. हा झुएव्हिट, अशनीच्या आघाताने फुटलेल्या आणि वितळलेल्या खडकांच्या तुकड्यांचा दगड. त्या कपट्यांना इथले भूवैज्ञानिक फ्लेडलेच म्हणतात, सुपातल्या पट्ट्यांवरून. दगडात हिरेही आहेत, पण इतके सूक्ष्म की तुम्हाला-मला दिसायचे नाहीत. १४२७ ते १५०५ या काळात ज्यांनी हे दगड घडवून चढवले, त्यांना आकाशातल्या धोंड्याचा पत्ताच नव्हता.

चर्चसमोर नगरभवन आहे, त्याला बाहेरून १६१८ चा दगडी जिना. जिन्याखाली एक लहानशी कोठडी आणि दाराशी कोरलेला विदूषक. शेजारी जुन्या जर्मनमध्ये लिहिलंय: ‘आता आपण दोघं झालो.’ पाहुण्याला तिथे उभं करा, ओळ वाचून दाखवा आणि काही बोलू नका. माझ्या काकांना हसू यायला पूर्ण एक मिनिट लागलं, मग त्यांनी काकूला बोलावून तिच्यावर तोच प्रयोग केला.

१६३४ मध्ये गावाच्या दक्षिणेच्या टेकड्यांवर तीस वर्षांच्या युद्धातली मोठी लढाई झाली, स्वीडिश बाजू हरली आणि तिच्याकडे असलेल्या न्योर्डलिंगनला शरण जावं लागलं. व्यापार बसला, तो पुन्हा तसा उभा राहिलाच नाही. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसा नव्हता, म्हणून आपल्याला आज ती दिसतात.

आता डानिएल. बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा. खाली दगडी गोल जिना आहे, अरुंद, वरून कुणी आलं की भिंतीला चिकटायचं. नंतर लाकडी पायऱ्या. मध्ये सामान वर ओढायचं जुनं लाकडी चाक आहे. माणसं त्याच्या आत शिरून चालत आणि दोर गुंडाळला जाई. तिथे थांबून श्वास घ्या, सगळे तेच करतात आणि चाक बघत असल्याचं नाटक करतात.

वर गेल्यावर आधी खाली बघा. सकाळपासून चाललेलं सगळं ओळखू येतं: तटाची तपकिरी छपरं, आतल्या गल्ल्यांचं वाकलेलं कडं, गेर्बरफिर्टेलमधली ती मोठाली छपरं. मग मान वर करा. क्षितिजावर चहूबाजूंनी झाडीच्या टेकड्यांची रेघ आहे. ती विवराची कड. मधली सपाट शेतं म्हणजे आघातानंतर साचलेल्या तळ्याचा गाळ.

जमलं तर मुक्काम करा. रात्री १० ते १२, दर अर्ध्या तासाने मनोऱ्यावरचा पहारेकरी तीच हाक देतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी परतीच्या गाडीत होते. आई-बाबांना नेलं तेव्हा मात्र खोली आधीच घेतली होती. दहाला पाच मिनिटं असताना चर्चच्या पायथ्याशी न थांबता चौकात जरा लांब उभे राहा, म्हणजे वरचा उजेड दिसतो. तास वाजून गेले आणि वरून लांबट सुरात आलं, ‘सो, ग्झेल, सोऽऽ!’ बाबांनी दोन्ही हात तोंडाशी धरून ‘ओऽऽ!’ दिली. आईने त्यांची बाही ओढली. वरून काही उत्तर आलं नाही.

बाबा म्हणाले, साडेदहाला परत देईल ना? मग काय, थांबलो.