एका खोलीत तीन पातळ्या: गावातला जर्मनचा वर्ग कसा चालवावा

चिपळूणला मोठ्या माणसांसाठी जर्मनचा वर्ग मी गेली ९ वर्षं चालवते आहे. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, १२ ते १५ जण. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला आणि सगळ्यात जास्त नुकसान करून गेलेला सल्ला एकच: पातळीप्रमाणे बॅचेस वेगळ्या करा. पुण्या-मुंबईत तो ठीक आहे, तिथे नुसत्या ए-वनला, म्हणजे पहिल्या पातळीलाच वर्ग भरतो (पुढे ए-टू, बी-वन, बी-टू अशा पातळ्या चढत जातात). आपल्याकडे सगळे मिळून १५. त्यांचे तीन तुकडे केले की पाच-पाचची बॅच होते, त्यातल्या दोघी नर्सना रात्रपाळी लागली की उरतात तिघं, आणि तिघांमधल्या एकाची एसटी चुकली की तुम्ही मोकळ्या खुर्च्यांना शिकवत बसता.

म्हणून सगळे एकाच खोलीत. ते जमवायचं कसं, हेच खरं शिकायचं आहे. बाकीचं आधी पटकन उरकते.

जागा

वाचनालयात विचारा. कोकणात वाचनालयं जुनी आणि भक्कम आहेत. रत्नागिरीचं १८२८ सालचं, चिपळूणचं १८६४ सालचं. संध्याकाळी एखादी खोली मिळून जाते. सामान वरच्या मजल्यावर ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या वर्गाची पुस्तकं आणि हातानं केलेली कार्डं, सगळी तळमजल्यावरच्या कपाटात होती.

वेळ

दसरा झाला की सुरू, शिमग्याच्या आत संपवायचं. जूनमध्ये सुरू करू नका. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ऐकण्याचा सराव होत नाही, आणि जुलैत लावणीला अर्धा वर्ग शेतात असतो. एप्रिल-मे आंब्याचे आणि चाकरमान्यांचे. एक दिवस रविवारी सकाळी ठेवा, म्हणजे पाळीवाल्यांना निदान एक तास तरी मिळतो. दुसऱ्या दिवशीचा वर्ग शेवटच्या एसटीच्या आधी पाऊण तास सोडा.

फी

घ्या. फुकटचा वर्ग दिवाळीनंतर रिकामा होतो. दोन हप्त्यांत घ्या, पण घ्या.

इंग्रजी बाजूला ठेवा

बाजारातली बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून जर्मन शिकवतात, आणि आपल्या माणसाला आधी इंग्रजीचीच धास्ती असते. मराठी माणसाला जर्मन इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर कळते. वस्तूंना लिंग असतं हे इंग्रजीवाल्याला पटवून द्यावं लागतं. आपण तो चमचा, ती सुरी, ते ताट असं बोलतच मोठे झालो. जर्मनमध्येही तिन्ही आहेत: देर लोफल हा चमचा, डी गाबल हा काटा, दास मेसर ही सुरी. लिंग जुळेलच असं नाही, काटा तिकडे स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी आहे, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. पण कल्पना नवी नाही. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो आणि वीस नंतर. तेही आइन-उन्ट-त्सवान्त्सिश, एक आणि वीस. तू आणि तुम्ही, तसं डू आणि झी. आणि 'कारण मी आजारी आहे' हे वाक्य शब्दाला शब्द ठेवा: वाइल इश क्रांक बिन. क्रियापद शेवटी. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे महिनाभर अडतो, मराठीतून आलेला अडत नाही.

पातळी ठरवताना

'किती येतं?' असं विचारू नका. सगळे 'बेसिक येतं' म्हणतात. जुनं प्रमाणपत्रही धरू नका, तीन वर्षांपूर्वीचं ए-वन आज फक्त कागदावर असतं. पाच मिनिटं बोला, पाच ओळी हातानं लिहून घ्या. एवढ्यावर तीन गट पडतात: नवे, ए-वन होऊन गेलेले, आणि ए-टूच्या पुढचे. चौथा गट करू नका, तो तुमच्याच्यानं सांभाळला जाणार नाही. गटांना कच्चे-पक्के म्हणू नका. आमच्याकडे दाराकडचे, कपाटाकडचे आणि खिडकीकडचे आहेत.

आता अवघड भाग

पहिल्या वर्षी मी फळ्याचे तीन भाग केले. १५ मिनिटं या गटाला, १५ त्या गटाला. म्हणजे प्रत्येक माणूस दीड तासातला एक तास नुसता बसून. दुसऱ्या वर्षी पुस्तकात वाचलेला उपाय केला: ज्यांना भाषा येते त्यांनी, ज्यांना येत नाही त्यांना शिकवायचं. हा उपाय करू नका, हे मी अगदी ठासून सांगते. एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका वर्गात होत्या, मुलगा-सून श्टुटगार्टला, नातीशी दोन वाक्यं बोलता यावीत एवढीच इच्छा. त्यांच्या शेजारी मी बी-वनचा एक हुशार मुलगा बसवला. तो मनापासून शिकवायचा, आणि त्या प्रत्येक वेळी चुकायच्या. सहाव्या आठवड्यात त्या मला जिन्यात म्हणाल्या, "बाई, मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं हो. आता रोज कुणी मला सुधारतं, ते नाही सोसत." त्या परत आल्या नाहीत. तो मुलगाही कंटाळला होता, कारण त्याला स्वतःला काही नवं मिळतच नव्हतं. एका जोडीत मी दोघांचं नुकसान केलं.

चूक कुठे होती ते कळायला मला अजून एक वर्ष लागलं. ज्याला भाषा जास्त येत होती, त्याच्याच हातात मी माहितीही दिली होती. मग दुसऱ्याला बोलायचं कारणच उरत नाही. आता मी उलट करते: ज्याला भाषा कमी येते, त्याच्या हातात माहिती द्यायची. ज्याला जास्त येते, त्याला ती विचारून काढायला लावायची.

एक तास जसाच्या तसा सांगते. मजकूर एकच: भाड्याच्या खोलीची जाहिरात, आठ ओळी. १८ चौरस मीटर, दुसरा मजला, लिफ्ट नाही, सायकल ठेवायला जागा, १ नोव्हेंबरपासून. काल्टमीटं ३८० युरो, वार्ममीटं ४७०, अनामत ७६०. पहिली १५ मिनिटं सगळे एकत्र: मी मोठ्यानं वाचते, आकडे सगळे मिळून म्हणतात, आणि काल्टमीटं म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च सोडून भाडं, वार्ममीटं म्हणजे तेही धरून, हे मराठीत सांगते. अनामत तिकडे कायद्यानं जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या काल्टमीटंएवढी घेता येते, हेही. तिकडे नोकरीला जाणारी नर्स हे वाक्य वहीत लिहून घेते.

पुढची ३० मिनिटं गट वेगळे. दाराकडचे ती जाहिरात पाठ करण्याइतकी घोटतात: आकडे, हो, नाही, मजला, तारीख. कपाटाकडचे पाच प्रश्न तयार करतात. खिडकीकडच्यांकडून जाहिरात परत मागून घेते आणि त्यांना वेगळंच काम देते: तुम्ही त्या खोलीत तीन महिने राहताय, हीटिंग चालत नाही, मालकाला पत्र लिहा.

मग जोड्या, आणि इथेच सगळं आहे. नवा माणूस मालक होतो. त्याच्या हातात कार्ड, आणि त्यावर मी जाहिरातीतले दोन आकडे बदललेले असतात. समोरचा कपाटाकडचा किंवा खिडकीकडचा, त्याच्याकडे काहीच नाही. खोली त्याला हवी आहे, तेव्हा विचारणार तोच. प्रश्न लांबलचक केला तर मालकाला कळत नाही, म्हणून त्याला सोपं, सावकाश, नीट बोलावं लागतं, आणि बी-वनवाल्याला नेमकं हेच जमत नसतं. मालकाला उत्तर द्यायला 'या' म्हणजे हो, 'नाइन' म्हणजे नाही, आणि एक आकडा पुरतो. पण त्याच्या उत्तराशिवाय समोरच्याचं काम होत नाही. मागच्या मोसमात आंबा कॅनिंगमध्ये काम करणारा एक दादा, पहिला महिनाभर तोंड न उघडलेला, मालक म्हणून बसला होता. समोरच्या मुलीनं तिसऱ्यांदा भाडं विचारलं तेव्हा त्यानं कार्ड छातीशी धरलं आणि म्हणाला, "फिअरहुंडर्ट. काल्ट." म्हणजे चारशे, हीटिंग सोडून. ती घासाघीस करायला लागली, तर तो मान हलवून "नाइन, नाइन" करत राहिला. तासानंतर तो कार्ड मागून घेऊन घरी गेला.

दोन गोष्टी सांभाळा. जोडी चालू असताना मध्ये पडून चूक सुधारू नका. ऐका, कागदावर टिपा, शेवटच्या १५ मिनिटांत नाव न घेता फळ्यावर मांडा. आणि मधल्या गटावर लक्ष ठेवा. नवे उत्साहात असतात, पुढचे परीक्षेच्या मागे असतात, गळतात ते मधले. ए-वन झालं म्हणून कौतुक संपलेलं असतं आणि प्रगती दिसत नसते. गट वेगळे झाले की मी नेहमी आधी कपाटाकडे जाते.

एका मोसमाला असे ४ तास-नमुने पुरतात, मजकूर बदलत राहायचा: दवाखान्याची वेळ, रेल्वेचं वेळापत्रक, नोकरीची जाहिरात, शाळेची सूचना. होमस्टेवाल्यांसाठी मी आरक्षणाचं पत्र घेते.

परीक्षेबद्दल

आशा खोटी लावू नका. दसरा ते शिमगा आठवड्याला दोन वर्ग म्हणजे ४५ मिनिटांच्या साधारण ८० तासिका होतात. जर्मनच्या परीक्षा घेणारं ग्योटे इन्स्टिट्यूट ए-वनसाठी ८० ते २०० तासिका धरतं. म्हणजे एका मोसमात काहीजण पोचतील, सगळे नाहीत, हे पहिल्या दिवशी सांगा. जर्मनीत नर्स म्हणून काम करायला साधारणपणे बी-टू लागतं. ते आठवड्याच्या तीन तासांत होत नाही. बी-वनपर्यंत न्या आणि मग त्या मुलीला पुण्याला पाठवा, तिला अडकवून ठेवू नका. बी-वनच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, आणि राहिलेला तेवढाच भाग पुन्हा देता येतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला मी आधी संभाषण द्यायला लावते, कारण जोड्यांमुळे आमच्या मुलांचा तोच भाग पक्का असतो. लेखन पुढच्या खेपेला. परीक्षा पुण्याला असेल तर आदल्या दिवशी निघायचं. पहाटेच्या गाडीनं कुंभार्ली घाट चढून गेलेलं माणूस सकाळी श्रवणाच्या परीक्षेला बसण्याच्या अवस्थेत नसतं.