चित्राला पोत हवा? इस्त्रीवाल्याचं प्लॅस्टिक टाकू नका

कॅनव्हासवर आधी अ‍ॅक्रिलिक रंगातल्या यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) थर द्या आणि तो पूर्ण सुकू द्या. इथे घाई केलीत तर पुढे नुसता हिरवट चिखल होतो. त्यावर गडद निळा, घट्ट ताकाइतपत करून, भराभर पसरा. ओला असतानाच इस्त्रीच्या कपड्यांवरचं पातळ प्लॅस्टिक चुरगळून त्यावर ठेवा, बोटांनी सुरकुत्या पाडा. १०-१५ मिनिटांनी अलगद सोला. प्लॅस्टिक चिकटलेल्या जागचा निळा उचलला जातो आणि खालचा पिवळा दगडातल्या शिरांसारखा डोकावतो. (पावसाळ्यात वेळ जास्त लागतो.) एखादा कोपरा बिघडला तर ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा, अ‍ॅक्रिलिक एकदा सुकलं की पाण्याला दाद देत नाही.