घरचं दुकान चालवताय? मग या चुका टाळा

दादर-गिरगावातल्या दुकानांचे हिशेब लिहिण्यात माझी 27 वर्षं गेली. दर दिवाळीच्या तोंडावर एक तरी फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, घरच्या घरात कागद कशाला, असं बाबा म्हणायचे." बाबा नुकतेच गेलेले असतात.

एका फराळाच्या सामानाच्या दुकानाचं सांगतो. दोघे सख्खे भाऊ भागीदार. काउंटरवर मुलं, पुतणे, धाकटी वहिनी सगळे राबायचे, पण भागीदारीपत्रात नावं दोनच. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी थोरले गेले. 1932 च्या कायद्यात भागीदार वारला की पेढी संपते, पत्रात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. यांच्या पत्रात 'पेढी पुढे चालू राहील' असं छापून घेतलेलं होतं. पण दोनातला एक गेल्यावर उरतो एकटा, आणि एकट्याची भागीदारी होत नाही. बँकेनं खातं थांबवलं. धाकट्यानं आठवडाभर जुन्याच जीएसटी नंबरावर बिलं फाडली, मला विचारायला संकोच वाटला म्हणे. मग त्याच्या स्वतःच्या पॅनवर नवा नंबर, जुन्या नंबरातलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, नव्यावर न्यायला आयटीसी-02 चा फॉर्म, सीएचा दाखला. हे सगळं ऐन दिवाळीत.

त्यांचं जे व्हायचं ते झालंच, पण खरा मार बसला दुकानाबाहेर. लालबागच्या चाळींतून, विक्रोळी-डोंबिवलीहून भाजणी, अनारशाचं पीठ, कडबोळी आणून देणाऱ्या चौदा बायका या एका दुकानावर अवलंबून होत्या. त्यातल्या तिघींनी पतपेढीचं कर्ज काढून यंत्रं घेतलेली. पतपेढीनं विचारलं होतं, माल घेणार कोण? उत्तरादाखल दुकानाचं नाव पुरलं होतं. आता हप्ता आला आणि दुकानाचा चेक वटेना. शेवटी धाकट्या वहिनींनी बांगड्या गहाण ठेवून पैसे भागवले. ते भागीदारीपत्र माझ्या कपाटात नऊ वर्षं पडून होतं आणि मी एकदाही तोंड उघडलं नाही, हेही कबूल करतो.

तेव्हापासून माझा हट्ट एकच. पत्रात तिसरं नाव घाला, आणि ते दुकानात खरोखर बसणाऱ्याचं घाला. लेक असो, सून असो. पेढी रजिस्टर करा, नाहीतर बुडवलेल्या उधारीसाठी पेढीला कोर्टात दावासुद्धा लावता येत नाही. वहीपूजनाला मी चोपडीबरोबर भागीदारीपत्रही पाटावर ठेवायला लावतो. गुरुजी हसतात. हसू देत, वर्षातून एकदा कुणीतरी ते उघडून वाचतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे गल्ल्यातून घरखर्च. भाजी, शाळेची फी, मामाच्या मुलाच्या लग्नाचा आहेर, सगळं त्याच ड्रॉवरमधून. महिनाअखेरीला 'धंद्यात दम नाही' हे ऐकवायला पुन्हा मीच. हल्ली यावर ॲप घेतात. ॲपमध्ये आकडा टाकायचा कंटाळा येणारा माणूस तोच असतो, फक्त आता त्याच्या हातात फोन असतो. माझ्या पद्धतीत यंत्र नाही. घरातल्या प्रत्येकाचा पगार ठरवा आणि सात तारखेला पाकिटात द्या, म्हाताऱ्या आईलासुद्धा. त्याउपर गल्ल्याला हात लावायचा तर चिठ्ठी टाकून. पहिले तीन महिने घरात भांडणं होतात. होऊ द्या.

एमबीए करून आलेला पुतण्या पहिल्याच आठवड्यात पुरवठादार बदलतो, वाशीत किलोमागे दोन रुपये स्वस्त मिळतं म्हणून. त्या दोन रुपयांत आपल्याला माल देणाऱ्या आणि आपल्याकडे गिऱ्हाईकही पाठवणाऱ्या बायका जातात, हे त्याच्या एक्सेलमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं?

पगडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन थोड्या भाड्यानं घेतलेल्या, दुकानाची भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर? 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या मृत्यूवेळी त्याच्यासोबत तिथेच धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क धरलेला आहे. पण तुम्ही सोबत धंदा करत होता, हे दाखवायला काहीतरी कागद लागेल ना?

छोट्यांचे पैसे लटकवू नका. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लघुउत्पादकाला लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, असं 2006 चा कायदा सांगतो.

बोरिवलीची शाखा? आधी दादरचा स्टॉक मोजा.

आणि दसऱ्यानंतर मला फोन करू नका, तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. श्रावणात या. येताना भागीदारीपत्र आणा, आणि ज्या सुनेचं नाव घालायचंय तिलाही.